पालकाचा व्यवसाय

इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या दिवाळीपासून आमच्या टेबलावर पडून आहे. त्या लिहितात, ‘आमचे यजमान मुलाबरोबर नाशिकला जाऊन द्राक्षाच्या वाइनचा कारखाना पाहून आले. तेथे म्हणे पाहुण्यांना ओळीने बसवून इवल्याशा पेल्यांतून चव देतात आणि वर व्याख्यानही ऐकवितात. आमच्या नातवंडांना गोवा म्हटले की समुद्र आणि दारू ह्या दोनच गोष्टी सुचतात. तुम्ही इतकी वर्षे गोव्यातून लिहिता, देवळांवर लिहिता, जत्रांवर लिहिता. पण ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी अवाक्षर काढीत नाही. हे मौन कशाचे?’

मौन संकोचाचे होते, हे आधीच कबूल करतो. आम्ही पडलो शाळामास्तर. ज्या लेखणीने मुलांचे निबंध तपासावयाचे तिनेच मद्याचे वर्णन करावे, हे मनाला रुचत नव्हते. शिवाय ह्या संकोचाच्या तळाशी आणखी एक जुनी गोष्ट होती. ती ओघाने येईलच.

गोव्यात नाशिकसारखे द्राक्षमळे नाहीत. येथल्या डोंगराचे द्राक्ष म्हणजे काजूचे बोंड. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या तालुक्यांत कोठल्याही डोंगरावर उन्हाळ्यात पाऊल ठेवा. तांबड्या-पिवळ्या बोंडांचा आंबूस-गोड वास तुम्हांला लांबूनच गाठतो. हे झाड मूळचे आपले नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून आणले. ‘काजू’ हा शब्दही तेथल्या आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आला आणि त्यांच्या तोंडून आपल्या. जसे ‘बटाटा’ आणि ‘अननस’ आले, ‘चावी’ आणि ‘पगार’ आले. पण बोंडाच्या रसापासून येथे जे पेय तयार झाले त्याला नाव मात्र घरचेच मिळाले. ‘फेणी’ म्हणजे जिला फेण, अर्थात फेस, येतो ती. एम्.ए.ला शब्दांची व्युत्पत्ती घोकताना हे उदाहरण आम्हांला कोणी सांगितले नव्हते. ते भट्टीवर कळावयाचे होते.

ह्या एप्रिलच्या सुरुवातीस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. ‘सर, हंगाम संपत आला. एकदा येऊन जावा. मुलीचे थोडे काम आहे तुमच्याकडे.’ त्याचे घर डिचोली तालुक्यात, दोडामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. हल्ली आम्ही पेडणे तालुक्यात नोकरीस असल्यामुळे त्या बाजूला जाणे उरले नव्हते. रविवार साधून कदंबच्या बसने निघालो. ‘बसनेच जा, म्हणजे परत येण्याची काळजी नको,’ ही सूचना आमच्या गृहमंत्र्यांची.

कासारपालचे कालिकादेवीचे देऊळ मागे पडले आणि दोन्ही बाजूंना काजूचे डोंगर सुरू झाले, तशी ती जुनी गोष्ट मनात वर येऊ लागली.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही सत्तावीस वर्षांचे, नोकरीत नवे, आणि मुलांना घडविण्याच्या कल्पनेने भारलेले. हा मुलगा नवव्या इयत्तेत आला तेव्हा वर्गशिक्षक म्हणून नोंदी भरण्याचे काम आमच्याकडे होते. ‘पालकाचा व्यवसाय’ ह्या रकान्यापाशी आम्ही थांबलो. मुलाचे वडील समोर उभे होते. ते सरळपणे म्हणाले, ‘काजूची भट्टी.’ आम्ही क्षणभर विचार केला आणि रकान्यात लिहिले, ‘शेती’. वर त्यांना म्हणालोही, ‘मुलाच्या भल्यासाठी हेच बरे.’ ते काही बोलले नाहीत. आपण किती समंजसपणे वागलो, ह्याचे आम्हांला त्या दिवशी समाधान वाटले होते.

पुढे मार्च महिन्यात हा मुलगा तीन आठवडे शाळेत आला नाही. आला तेव्हा बोटे बीच्या चिकाने काळवंडलेली, सदऱ्यावर बोंडाच्या रसाचे न निघणारे डाग आणि अंगाला भट्टीचा वास. आम्ही भर वर्गात म्हणालो, ‘विद्येच्या मंदिरात येताना भट्टी बाहेर ठेवून यावे.’ वर्ग हसला. वार्षिक परीक्षा त्याने दिली, पण जूनमध्ये तो आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तो खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून लागला.

बसथांब्यावर तो न्यायला आला होता. आता चाळिशी ओलांडलेला, कानशिले पिकलेली. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा आम्हांला त्याच्याकडे नीट पाहवेना.

भट्टी म्हणजे एखादा कारखाना असेल अशी कल्पना वाचकांनी करून घेऊ नये. डोंगराच्या पायथ्याशी झापांनी शाकारलेला एक मांडव, शेजारी ओहोळ, लाकडांचा ढीग, आणि माणसे म्हणाल तर घरचीच चौघे-पाचजण. बोंडे झाडावरून काढावयाची नाहीत, हा पहिला नियम. पूर्ण पिकून जे आपोआप गळते तेच घ्यावयाचे. पहाटे उठून बाया आणि मुले काठीच्या टोकाला बसविलेल्या खिळ्याने ती टिपतात, तेथेच बी पिळून वेगळी करतात. बी विकावयाची, बोंड भट्टीकडे. वजनाने पाहिले तर बोंड बीपेक्षा कितीतरी पट भारी. पण ते एक दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून जे काही करावयाचे ते त्याच दिवशी, त्याच डोंगरावर.

मांडवाच्या वरच्या अंगाला जांभ्यात कोरलेली एक उथळ, उतरती कुंडी होती. पूर्वी तीत बोंडे घालून पायांनी तुडवीत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी दाबयंत्र आले आहे. येथे दोन्ही होते. तुडवून निघालेला पहिला रस आंबविण्यासाठी जातो. मागे राहिलेल्या चोथ्याचा मग गोल ढीग रचतात, त्याला रानवेलीचे वेढे घट्ट आवळतात, वर मोठा धोंडा ठेवतात आणि रात्रभर तसेच सोडतात. त्यातून थेंबथेंब जो गाळीव रस उतरतो तो निरो. निऱ्याची फेणी करीत नाहीत, तो पिण्यासाठी.

पहिला रस मातीच्या मोठ्या मडक्यांत अर्धा पुरून ठेवलेला होता. तीन दिवस त्याला कोणी हात लावावयाचा नाही. खमीर नाही, साखर नाही, पाणी नाही. जे काही होते ते हवेने आणि उन्हाळ्याने. आम्ही एका मडक्यावर कान ठेवला. आत बारीक चुरचुर चालली होती, जशी घरात डोशाचे पीठ फुगताना रात्री ऐकू यावी. नंतर तो रस तांब्याच्या भाणात जातो. भाणाचे तोंड मातीने लिंपून बंद करतात, खाली जाळ, आणि वाफ नळीवाटे पाण्यात बुडविलेल्या भांड्यात. जुन्या काळी त्या भांड्यावर माणसाने सतत थंड पाणी ओतावे लागे. आमच्या विद्यार्थ्याने आता पाण्याच्या टाकीत तांब्याच्या नळीचे वेटोळे बसविले आहे. पण जाळ मात्र तो स्वतःच सांभाळतो. जाळ चढला तर रसाला जळका वास लागतो, उतरला तर दिवस फुकट जातो. आमच्याशी बोलतानाही त्याचे अर्धे लक्ष चुलीकडेच होते. आणि हाच मुलगा वर्गात लक्ष देत नाही असा शेरा आम्ही एकदा प्रगतिपुस्तकात मारला होता.

‘बसात मास्तर. पयलीं निरो घेयात,’ असे म्हणत त्याच्या आईने पितळी पेला पुढे केला. गार, गोड, किंचित तुरट, घशाला हलकेच धरणारा. ह्यात मद्याचा अंशही नाही. आमच्या उत्तरेकडील वाचकांनी सकाळच्या ताज्या नीरेची आठवण करावी. बोंडाचा वास मात्र स्वतंत्र. दुपारच्या उन्हातून आल्यावर दोन पेले केव्हा संपले ते कळले नाही.

दुसरा पेला हुर्राकाचा. भाणातून पहिल्यांदा उतरते ते हुर्राक. त्यात मद्यार्क शेकडा पंधराच्या आसपास. ते फार टिकत नाही म्हणून हंगामातच प्यावयाचे, आणि मीठ घालून, हिरवी मिरची चिरून पिण्याची येथली रीत. आम्ही मीठ-मिरची नाकारली आणि दोन घोट घेतले. प्रथम बोंडाचा पूर्ण वास, मग थोडी आंबट धार, मग घशात एक ऊब. तिसरा पेला फेणीचा, आणि तो चमचाभरच. पूर्वी रस तीनदा भाणात चढे. हुर्राक, मग काजुलो, मग फेणी. आता बहुतेक भट्ट्यांवर दोनदाच चढतो, आणि शेकडा बेचाळीसच्या आसपास तीव्रता झाली की ती फेणी. पूर्वी ही तीव्रता ‘ग्राव’ ह्या पोर्तुगीज मापाने सांगत, आणि जुनी माणसे अजूनही सांगतात. आमच्या विद्यार्थ्याने मात्र बाटली उन्हात धरून जोराने हलविली. काचेच्या आतून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर चढले आणि पृष्ठभागावर गोल धरून राहिले. ‘हा फेण, सर. हा असा राहिला तर माल बरोबर.’ चमचाभर फेणी जिभेवर ठेवली तेव्हा जाळ, तांबे, पिकलेले फळ आणि डोंगर ह्या सगळ्यांचा वास एकदम डोक्यात चढला. ती आम्हांला आवडली असे म्हणणे खोटे होईल; पण हिच्यात हलके असे काही नाही, एवढे खरे.

२००९ मध्ये ह्या काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गोव्याबाहेर केलेल्या मद्याला हे नाव लावता येत नाही. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय ठरविले. तोवर कायद्याच्या कागदावर ती केवळ ‘देशी दारू’ होती. दरवर्षी हंगामापूर्वी अबकारी खात्यातर्फे काजूच्या पट्ट्यांची पावणी म्हणजे लिलाव होतो, परवाने काढावे लागतात. चोरीछुपीचा हा धंदा नव्हे. अबकारीचा जाच मात्र जुना आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुंबई इलाख्याची पद्धत येथे लागू झाली, तेव्हापासून भट्टी आणि सरकारी दप्तर ह्यांची गाठ सुटलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्याने हाताने समोरचा डोंगर दाखविला. ‘त्याच्या पलीकडे महाराष्ट्र. झाडे हीच, माती हीच. तिकडे बोंडे झाडाखाली कुजतात.’ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पलीकडे ह्या भट्टीला वाव उरला नाही. एकाच देवीला नवस बोलणारी, एकच मराठी बोलणारी घरे. पण एका बाजूला जो कुळाचार, तो दुसऱ्या बाजूला गुन्हा. ह्यातले कोणते बरोबर, ह्याचा निवाडा आम्ही त्या बाजेवर बसून मनाशी करू पाहिला. तो झाला नाही.

कारण त्याची आई शेजारीच बसून बी पिळत होती. आम्ही तिला विचारले, ‘आई, तुमच्या घरात कोणी पितात काय?’ तिने हात थांबविले नाहीत. ‘म्हजो भाव ह्याच सोऱ्यान गेलो,’ ती म्हणाली. तिचे माहेर पेडण्याचे, मोपाच्या पठाराच्या बाजूचे. भावाची स्वतःची भट्टी होती आणि भट्टीवाल्याने चाखण्यापलीकडे घेऊ नये हा घरचा नियम त्याने मोडला. त्याच्या मुलांनी मग ती भट्टी पुन्हा पेटविली नाही. आता तर त्या पठारावर विमानतळ झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी हजारो झाडे तोडली गेली, त्यांत काजूचीही होती. आमच्या सध्याच्या शाळेच्या पटांगणातून विमाने दिसतात आणि मुले प्रार्थनेतही माना वर करतात. म्हातारीने एवढे सांगितले आणि पुन्हा बिया मोजू लागली. ज्या पदार्थाने भाऊ नेला त्याच पदार्थावर तिने मुलाचे घर उभे केले होते. हे तिला कळत नव्हते असे नाही. तिच्यापुढे दुसरा डोंगर नव्हता.

मुलापुढे मात्र काही काळ दुसरा डोंगर होता, आणि तो लोखंडाचा होता. क्लीनरचा तो ड्रायव्हर झाला, कर्ज काढून त्याने स्वतःचा ट्रक घेतला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये थोड्या चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकून त्याने कर्ज फेडले आणि वडिलांच्या पडक्या मांडवावर नवी झापे घातली. ‘खाणीवर होतो तेव्हा कुणी विचारले तर खाणीवर आहे म्हणून छाती काढून सांगत होतो, सर. तिथे डोंगर पोखरत होतो. इथे झाड तोडीत नाही, पडलेले फळ घेतो. पण भट्टी म्हणताना अजून आवाज खाली येतो.’

हे तो आम्हांला दोष देण्यासाठी म्हणाला नाही. त्यामुळेच ते अधिक लागले.

मग त्याने मुलीला हाक मारली. आठवीतली मुलगी, हातात वही. शाळेने सुटीसाठी मराठीचा निबंध दिला होता, ‘माझ्या वडिलांचा व्यवसाय’. पहिले वाक्य लिहून ती अडली होती. वाक्य असे होते: ‘माझे वडील शेतकरी आहेत.’

‘हे खरे की खोटे, सर?’ तो म्हणाला. ‘ती मला विचारते. मी म्हटले, सरांना विचारू या.’

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पुष्कळ अवघड प्रश्नांना उत्तरे दिली. पण त्या वहीपुढे आमची वाचा बसली. त्या नोंदवहीतला ‘शेती’ हा शब्द आमच्या हस्ताक्षरात होता. त्याच्या वडिलांना जी लाज नव्हती ती आम्ही त्या रकान्यात लिहून ठेवली, आणि ती तीन पिढ्या उतरत ह्या वहीपर्यंत आली. आम्ही त्याला ते सारे सांगितले. नोंदवहीचे आणि वर्गातल्या त्या बोलण्याचेही. तो भाणाकडे पाहत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ‘वर्गातले आठवते. नोंदवहीचे बाबांनी कधी सांगितले नाही.’ थोड्या वेळाने उठून त्याने जाळातले एक लाकूड मागे ओढले. त्याने क्षमा केली की नाही हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकारही नव्हता.

मुलीला आम्ही म्हणालो, ‘बाळ, ते वाक्य खोड आणि मला सांग, सकाळपासून तू येथे काय काय पाहिलेस.’ ती सांगू लागली आणि आम्ही ऐकत गेलो. कोणत्या झाडाचे बोंड आधी गळते, कोणत्याचा रस गोड, मडके कसे धुवावे, माती कोठली आणावी. मामाच्या आजोबांविषयीही लिहू का, असे तिने आजीकडे पाहत विचारले. आजी म्हणाली, ‘बरय.’ लिही. दीड पानाच्या त्या मजकुरात आम्ही फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले.

निघताना तो बसथांब्यापर्यंत आला. आम्ही म्हणालो, ‘मुलगी हुशार आहे. पुढे ही भट्टी चालवील काय?’ तो म्हणाला, ‘नको, सर. तिने शिकावे, हवे तिथे जावे. हंगाम तीन-चार महिन्यांचा, मिरग आला की चूल विझली. बाकीचे आठ महिने काय खाणार? भट्टी माझ्याबरोबर संपली तरी चालेल. पण तिला कुणी विचारले, तर सांगता आले पाहिजे.’

तर इंदूरच्या भगिनींनो, आमच्या मौनाचे कारण हे. नातवंडांना आपण असे सांगावे, की गोव्यात समुद्राकडे पाठ करून उभे राहिले तर डोंगर दिसतात. त्या डोंगरांवर मराठी घरे आहेत, आणि त्यांतली काही घरे गळून पडलेल्या फळांतून वर्षाची बेगमी करतात. ते जे करतात त्याने काही घरे जगतात आणि काही मोडतात, हेही सांगावे. चव विचारतील तर निऱ्याची सांगावी. ती आम्ही पोटभर घेतली आहे.

जूनमध्ये आमच्या शाळेत नवे प्रवेश होतील. पेडण्याच्या गावांतून मुले येतील, त्यांचे पालक त्या रकान्यापाशी येऊन थांबतील. ह्या खेपेस नोंदवही आम्ही कारकुनाकडे न देता स्वतःच भरणार आहोत, आणि समोरचा माणूस जे सांगेल तेच लिहिणार आहोत.